ढगातलं जंगल आणि सुखनाचा गाळ

स्वतःच्या खिशातून पैसे घालून परदेशी जायचं आणि तिथल्या जंगलात राबायचं, याला सेवा म्हणायचं की सहल? चंदीगडच्या एका मराठी घरात या प्रश्नावरून सध्या रोज खडाजंगी होते. मावशी लग्न होऊन इकडे आल्या, इथल्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि अलीकडेच कोस्टा रिकातल्या मोंतेव्हेर्देच्या मेघवनात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून राहून आल्या. भाचा मूळचा सावंतवाडीचा, मृदसंधारणातला अभियंता, नोकरीनिमित्त चंदीगडात स्थिरावलेला. मावशींचं जाणं त्याला मुळीच पटलेलं नाही. सुखना तलावाच्या काठाने फेरी मारताना दोघांत झालेलं हे बोलणं.

भाचा: स्पष्टच विचारतो, मावशी. रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायच्या आणि पायवाटेवर पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, एवढ्यासाठी दिल्लीहून सान होसेला जायचं? सरळ रेषेत मोजलं तरी जाऊनयेऊन तीस हजार किलोमीटर होतात. विमानाच्या धुरातला तुझ्या एकटीच्या वाट्याचा कार्बन काही टनांत जातो. तू लावलेली रोपं तो कधी फेडणार?

मावशी: नाही फेडणार. मी हिशेब करूनच गेले होते. आणि ती रोपं मी लावली नसती तरी दुसऱ्या कुणी लावलीच असती, हेही मला ठाऊक आहे.

भाचा: मग गेलीस कशाला?

मावशी: बघायला. झाडावर वाढणाऱ्या वनस्पती सगळी नोकरीभर शिकवल्या, त्याही इथे, जिथे पाऊस दोन-अडीच महिन्यांत संपतो आणि उन्हाळ्यात दगडफूल पण करपतं. तिथे पहिल्याच दिवशी आमच्या वाटाड्याने वादळात मोडून पडलेली एक फांदी दाखवली. माझ्या मांडीएवढी जाड असेल. तिच्यावर शेवाळाची गोधडी, ओली गच्च. त्याने ती कडेने उचलून धरली. खाली काळी माती! वीतभर थर, गांडुळासकट. जमिनीपासून कितीतरी उंचावर फांदीवर तयार झालेली माती. आणि त्या मातीत मुळं होती.

भाचा: ऑर्किडची असतील. किंवा ब्रोमेलियाडची, अननसाच्या कुळातली.

मावशी: तीही होती. पण काही मुळं त्या झाडाचीच होती. स्वतःच्याच फांदीतून फुटून वरच्या मातीत शिरलेली. हे पहिल्यांदा नीट दाखवून दिलं नलिनी नाडकर्णींनी. वडील आपल्याकडून अमेरिकेत गेलेले, मुलगी दोराने झाडांवर चढून शेंड्यांचा अभ्यास करणारी. 1981 साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. आधी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली पावसाळी जंगलं आणि मग मोंतेव्हेर्दे, असं त्यांनी आयुष्यभर काम केलं. तोवर सगळे शास्त्रज्ञ जमिनीवर उभे राहून मान वर करून बघत होते. झाड आपल्या खांद्यावरची माती खातं, हे वर चढल्याशिवाय कळणार कसं?

भाचा: ही माती येते कुठून?

मावशी: आला ना प्रश्न तुझ्या विषयाचा! पानं कुजतात, शेवाळ मरतं, धूळ येते आणि ढगातून क्षार येतात. कॅरिबियन समुद्रावरून व्यापारी वारे वर चढतात, डोंगरमाथ्यावर त्यांचा ढग होतो आणि तो झाडांतूनच वाहतो. पाऊस पडत नसतानाही शेवाळ त्या ढगातून पाणी गाळून घेतं आणि खाली ठिबकत राहतं. साध्या पर्जन्यमापकात हे पाणी येतच नाही. ओढ्यात मात्र येतं. नाडकर्णींनी काही फांद्यांवरचं शेवाळ खरवडून मग वाट पाहिली. ते परत धरायला दशकं लागतात.

भाचा: आणि आमच्या शिवालिकात एका वळवात जी माती जाते, ती परत येतच नाही. बरं, हे सगळं अद्भुत आहे, मान्य. पण ते नाडकर्णींनी शोधलं. तू बघून आलीस. बघण्याला स्वयंसेवा का म्हणायचं? तिकीट काढून गेलेल्या पर्यटकाने तेच केलं असतं आणि निदान सेवेचा आव आणला नसता.

मावशी: आव मी आणलेला नाही. पण थांब, हा तलाव बघ. इथे उन्हाळ्यात श्रमदान व्हायचं, आठवतं का तुला? तू तेव्हा सावंतवाडीत शाळेत असशील. गाळ काढायला अर्धं शहर लोटायचं. आम्ही कॉलेजची पोरं घेऊन यायचो, घमेली उचलायचो, घरी जाताना पाठ धरलेली असायची. ते तर गावातलंच काम होतं, विमान नाही की व्हिसा नाही. ती सेवा तुला मान्य?

भाचा: श्रम मान्य, उपयोग नाही. सुखना 1958 साली झाला. चो अडवून बांध घातला. इथले चो म्हणजे पावसाळी ओढे, वर्षाचा बराच काळ कोरडे आणि पावसात पिसाळलेले. शिवालिकची ठिसूळ माती घेऊन ते थेट तलावात यायचे. काही दशकांतच तलावाचा मोठा भाग भरून गेला. तुम्ही खाली घमेल्याने काढायचात आणि वरून ट्रकांनी यावा तसा गाळ यायचा. गाळ काढायचा असतो तो उगमाशी.

मावशी: म्हणजे सुखोमाजरी. काढ, काढ तो विषय. त्याशिवाय तुझं जेवण पचत नाही.

भाचा: का काढू नये? जगातल्या विद्यापीठांत शिकवतात ते आणि चंदीगडच्या निम्म्या लोकांना गावाचं नावही माहीत नाही. सत्तरीच्या दशकात इथल्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातले पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत डोंगरात गेले. वर सुखोमाजरी. उघडेबोडके उतार, त्यांवर शेळ्या आणि पोटापुरतंही पिकत नाही अशी शेती. शेळ्या बंद करा म्हणून सांगणं सोपं होतं. कुणी ऐकलं नसतं. 1976 मध्ये मातीचा छोटा बंधारा घातला, पावसाचं पाणी अडवलं आणि ते शेतात नेलं.

मावशी: आणि गाव सुधारलं.

भाचा: नाही, तिथेच तर खरी गोष्ट सुरू होते. पाणी खालच्या थोड्या शेतांना मिळालं. ज्यांना मिळालं नाही ते म्हणाले, आम्ही शेळ्या का आवराव्यात? त्यांचं बरोबरच होतं. मग ठरलं की पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा. जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपला वाटा हवा तर विकावा. ज्या दिवशी वरच्या डोंगरातलं पाणी प्रत्येकाचं झालं, त्या दिवसापासून डोंगराला कुंपण लागलं नाही. माणसांनीच तो राखला. शेळ्या कमी झाल्या, म्हशी आल्या, दूध वाढलं. उतारावर भाभर गवत माजलं. ते दोरखंडाला आणि कागद कारखान्याला विकलं गेलं. तलावात येणारा गाळही घटला. तुमच्या सगळ्या घमेल्यांनी जे झालं नाही ते पाणीवाटपाच्या एका नियमाने झालं.

मावशी: सुंदर. आता मी विचारते. मिश्रा सुखोमाजरीचे होते का?

भाचा: नाही.

मावशी: पैसा कुणाचा? त्या प्रयोगाला फोर्ड फाउंडेशनचीही मदत होती. बाहेरचा माणूस, बाहेरचा पैसा. तुझ्याच लाडक्या गोष्टीत.

भाचा: बाहेरचा होता, पण पुन्हापुन्हा येत राहिला. लोकांचं म्हणणं ऐकून त्याने आपली योजना बदलली. काही आठवडे राहून फोटो घेऊन परतला नाही.

मावशी: टोमणा पोहोचला. पण आता मोंतेव्हेर्देची गोष्ट ऐक, म्हणजे तुझं सुखोमाजरी तुला तिथे भेटेल. ते जंगल वाचवलं कुणी? अमेरिकेतल्या अलाबामाचे क्वेकर. युद्धाला विरोध हा त्यांचा धर्म. सक्तीच्या सैन्यभरतीला नकार दिला म्हणून त्यांच्यातल्या काहींनी तुरुंग भोगला. कोस्टा रिकाने 1948 साली सैन्यच मोडीत काढलं होतं. म्हणून 1951 च्या सुमाराला काही कुटुंबं तिथल्या डोंगरावर जाऊन वसली. जमीन घेतली, झाडं तोडून कुरणं केली आणि दूधदुभत्यावर, चीजवर संसार उभे केले.

भाचा: म्हणजे जंगल त्यांनीच तोडलं.

मावशी: खालचं तोडलं. वरचं सुमारे साडेपाचशे हेक्टर मात्र हात न लावता ठेवलं. ते क्वेट्झल पक्ष्यासाठी नव्हतं की ऑर्किडसाठीही नव्हतं. ओढे तिथून येत होते म्हणून. गाईंना पाणी, घराला पाणी आणि वीज करायलाही तेच पाणी. राखीव जंगल 1972 साली झालं. जॉर्ज पॉवेल नावाचा तरुण पक्षी-अभ्यासक आणि क्वेकरांपैकी विल्फर्ड गिंडन यांनी ते उभं केलं. पण त्याचा गाभा म्हणजे पाण्यासाठी आधीच राखलेला डोंगर.

भाचा: मग माझंच म्हणणं सिद्ध झालं. ज्याचं पाणी, त्याचं जंगल.

मावशी: अर्धं सिद्ध झालं. कारण ते ‘ज्याचं पाणी’ वाले स्वतः परदेशी होते!

भाचा: पण राहिले. मुलंबाळं तिथे वाढवली. बाहेरचा असणं हा माझा आक्षेप नाहीच. वरचं बिघडलं तर ज्याच्या घरचा नळ आटतो, तो तिथला. तुझा नळ चंदीगडात आहे.

मावशी: बरं. स्वीडनच्या पोरांचा नळ कुठे होता? 1987 मध्ये तिथल्या एका लहानशा शाळेत शिक्षिकेने उष्णकटिबंधातली जंगलं कशी तुटतात ते सांगितलं. पोरं म्हणाली, मग आपण विकत घेऊ या. त्यांनी पैसे जमवले, मोंतेव्हेर्दे शेजारची काही हेक्टर जमीन घेतली आणि मग अनेक देशांतल्या पोरांनी भर घातली. आज ‘मुलांचं चिरंतन जंगल’ 22 हजार हेक्टरांहून मोठं आहे, कोस्टा रिकातलं सर्वांत मोठं खासगी राखीव जंगल. त्या पोरांतल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलंही नसेल.

भाचा: मुद्दा तोच तर आहे! ती गेली नाहीत. पैसे पाठवले, घरी बसली. तूही तिकिटाचे पैसे पाठवायला हवे होतेस.

मावशी: हं. हे उत्तर चांगलं आहे, त्यावर मी विचार करीन. पण ‘ज्याचं पाणी त्याचं जंगल’ हे तुझं सूत्र कुठे अपुरं पडतं तेही ऐक. मोंतेव्हेर्देत एक सोनेरी भेक होता. नर पाहावा तर झगझगीत नारिंगी. डोंगरमाथ्यावरच्या चिमुकल्या पट्ट्यात होता, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर काही दिवस झाडांच्या मुळांतल्या डबक्यांत जमायचे आणि मग गायब व्हायचे. 1987 मध्ये मार्था क्रंप यांनी दीड हजाराच्या वर मोजले. 1989 मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर आजवर एकही नाही. जंगल तोडलं गेलं नव्हतं. राखण चोख होती. स्थानिकांनी करायचं ते सगळं केलं होतं.

भाचा: बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी.

मावशी: बुरशी, आणि 1986-87 च्या एल निन्योचा कोरडा काळ. अॅलन पाउंड्स आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की सत्तरीच्या मध्यापासून तिथे उन्हाळ्यातले बिनधुक्याचे दिवस वाढत गेले. समुद्र तापला की ढग अधिक वर तयार होतात आणि जंगल ढगाच्या खाली राहतं. यातला कुठला घटक किती कारणीभूत, यावर अजून वाद आहेत. पण ढग कुठे तयार व्हावा हे काही मोंतेव्हेर्देची ग्रामसभा ठरवत नाही. तो चंदीगडातल्या गाड्यांनीही ठरतो.

भाचा: आणि दिल्ली-सान होसे विमानांनीही. बुरशीही माणसांच्या ये-जा आणि बेडकांच्या व्यापारातून जगभर पसरली. तुझे बूट धुऊन घेतले होते का तिथे?

मावशी: घासून, औषधात बुडवून. हसू नकोस. मी एवढंच म्हणतेय की जिथलं संकट बाहेरून येतं, तिथे आतल्यांचं कुंपण पुरत नाही. तुझं सुखोमाजरी तरी का थंडावलं?

भाचा: ...तेही बाहेरूनच. डोंगर राखून गवत पिकवलं, तर त्या उत्पन्नावर गावाला कर लावला गेला. मग वनखात्याला गवतात वाटा हवा झाला. बंधाऱ्यांत गाळ साठला, दुरुस्तीला पैसा उरला नाही. सारखा वाटा होता तोवर माणसं राखत होती. वाटा पातळ झाला तसा उत्साहही.

मावशी: बघ. मोंतेव्हेर्देत ढग वर गेला, सुखोमाजरीत हुकूम वरून आला.

भाचा: शब्द छान जुळवलेस. पण मग आपल्याकडे आंबोलीला बसलेल्या माणसाने काय करायचं? तिथेही मेघवनच आहे की. मोंतेव्हेर्देच्या निम्म्या उंचीवर, वर्षातून चारच महिने ढगात बुडणारं, पण शेवाळ, आमरी, रात्री चमकणारी बुरशी, सगळं आहे. आंबोलीचा भेकही आहे, 2009 मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेला, त्याच परिसरापुरता. पावसाळ्यात रस्ता ओलांडतो आणि धबधब्याला निघालेल्या गाड्यांखाली चिरडला जातो. हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात 2020 मध्ये नवा मासा सापडला आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. माझ्या आजोळच्या वाटेवरचं हे जंगल. मावशी, तू तिथली माहेरवाशीण. आणि पहिलं मेघवन बघायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेलीस!

मावशी: माहेरचं जंगल दिसायला मला परक्या जंगलात जावं लागलं, असं समज. लहानपणी आंबोली म्हणजे घाटात गाडी लागणं आणि कणीस. आता जाईन तेव्हा फांदीवरची माती बघीन. पण तूच सांग, आंबोलीत मोंतेव्हेर्दे का झालं नाही? लोकांना प्रेम नाही म्हणून?

भाचा: प्रेम भरपूर आहे. तिथली पोरं रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक दाखवायला नेतात, रस्त्यावरचा साप उचलून कडेला सोडतात. पण आंबोली, चौकूळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. पिढ्यानपिढ्या कसलेली, राखलेली जमीन सातबाऱ्यावर सरकारची झाली. डोंगर आपला की नाही हेच माणसाला ठाऊक नसेल, तर तो राखायचा कुणासाठी? तिथे आधी रोपं नकोत, सातबारा हवा.

मावशी: मग स्वयंसेवकाने सातबारा काढून द्यायचा?

भाचा: का नाही? जुने कागद शोधून दे, मोजणीच्या वेळी हजर राहा, मोडीतले दस्त वाचून दे. पण असल्या कामाला कुणी येत नाही. ते फोटोत चांगलं दिसत नाही.

मावशी: बरोबर आहे. तिथेही खरं गरजेचं काम कंटाळवाणंच होतं. रोपं लावायला रांग लागायची. पण तोडलेल्या कुरणांतून पक्ष्यांसाठी झाडांचे पट्टे उभे करायचे, तर आधी एकेका शेतकऱ्याशी बोलावं लागतं. ती बोलणी स्थानिक माणसंच करतात, कारण स्पॅनिश यावं लागतं आणि दहा वर्षांनीही दारात उभं राहता यावं लागतं. आम्हा पाहुण्यांकडून त्यांना मिळायचं ते राहण्याजेवण्याचे पैसे. त्या पैशावर दोन-चार घरांना जंगल उभं असण्यात फायदा दिसायचा. माझा खरा उपयोग तेवढाच, हे मला तिथेच कळलं. मी कामगार म्हणून निरुपयोगी होते, गिऱ्हाईक म्हणून उपयोगी.

भाचा: हे तू आधी म्हणाली असतीस तर मी एवढा भांडलोच नसतो.

मावशी: तू तरीही भांडला असतास. पण गिऱ्हाईक असणं वाईट कशाने? कोस्टा रिकात एके काळी जंगल बेफाम तुटलं, आज देशाचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा झाडाखाली आहे. 1996 च्या कायद्याने जंगल उभं ठेवणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं आणि त्यातला मोठा भाग इंधनावरच्या करातून येतो. म्हणजे गाडी चालवणारा डोंगर राखणाऱ्याला पैसे देतो. सुखोमाजरीत काय झालं? डोंगर राखणाऱ्याकडूनच कर घेतला. सुखनाकाठी फिरणाऱ्या आपण कुणी त्या गावाला कधी एक रुपया दिला? तलाव त्यांनी वाचवला, हवा आपण खातो.

भाचा: हे मात्र मला सुचलं नव्हतं. आम्ही अभियंते बंधाऱ्याचा खर्च काढतो, गाळ न आल्याने वाचलेला खर्चही काढतो. पण तो वाचलेला पैसा वरच्या गावाला द्यायचा, ही रक्कम आमच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नसते.

मावशी: तो रकाना मी तिथे पाहिला. घरी बसून पुस्तकात वाचला असता तर कदाचित विसरले असते.

भाचा: कदाचित. विमानाचं मी तरीही माफ करत नाही.

मावशी: करू नकोस. पण उद्या कुणी पोरगी तुझ्याकडे आली आणि म्हणाली, मला परदेशी जंगलात स्वयंसेवक व्हायचंय, तर काय सांगशील? ‘जाऊ नकोस’?

भाचा: आधी विचारीन, चंदीगडात तुझ्या नळाला पाणी कुठून येतं? शंभरातल्या नव्वदांना सांगता येत नाही. म्हणतात, सुखनातून! सुखनाचा थेंबही नळाला येत नाही. बरंचसं पाणी कजौलीहून येतं, भाक्राच्या कालव्यातून, म्हणजे सतलजचं, हिमाचलातल्या डोंगरांचं. त्या डोंगरांवर कोण राहतं आणि त्यांना त्या पाण्याचं काय मिळतं, हे शोधून ये म्हणेन.

मावशी: आणि शोधून आली तर?

भाचा: तर तिला एवढंच विचारीन, की तुला तिथे बोलावलंय कुणी? दलालाने, की ज्यांचं पाणी आहे त्यांनी? आणि तुझ्या पैशातला किती त्यांच्या हातात पडतो? नीट उत्तरं दिली तर जाऊ दे बापडी.

मावशी: माझं पहिल्या प्रश्नालाच घोडं अडलं असतं. कजौली मला आज कळलं.